सरोवरावरची साय

सकाळच्या न्याहारीच्या वेळी दुधाच्या किंवा फळांच्या रसाच्या पेल्यात चमचाभर गर्द हिरवी भुकटी ढवळून घेण्याची चाल अलीकडे मोठ्या शहरांतून बरीच रूढ झाली आहे. ही भुकटी स्पिरुलिना नावाच्या शैवालाची असते. सुबक डब्यांतून ती विकली जाते, आणि त्या डब्यांवर तिच्या अंगच्या प्रथिनांची, जीवनसत्त्वांची आणि लोहाची नामावळी छापलेली असते. एवढी सगळी सामग्री पाहून ही विसाव्या शतकातील प्रयोगशाळांची निर्मिती असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. हे अन्न किमान पाच शतकांचे जुने आहे. एकदा ते एका साम्राज्याच्या राजधानीच्या बाजारात उघड विकले जात होते. पुढे ते तेथून असे नाहीसे झाले की ते नेमके काय होते, हे सांगणारा कोणी उरला नाही. दुसरीकडे, वाळवंटाच्या काठी, गरीब बायकांच्या हातून ते अखंड शिजत राहिले, आणि त्याची दाद जगाला फार उशिरा लागली.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे शेवाळ म्हटले की पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर पाय घसरविणारा हिरवा थर डोळ्यांपुढे येतो. स्पिरुलिना ही त्याच्या दूरच्या नात्यातली. नील-हरित शैवालांच्या वर्गात तिची गणना होई. परंतु तिच्या पेशीत केंद्रक नसल्यामुळे शास्त्रज्ञ आता तिला खऱ्या शैवालांत न धरता जिवाणूंच्या गोत्रात बसवितात. सूक्ष्मदर्शकाखाली ती मळसूत्रासारखी वळणे घेतलेली दिसते आणि त्यावरूनच तिला हे नाव मिळाले. शास्त्रीय ग्रंथांत मात्र तिचे नाव आर्थ्रोस्पायरा असे लागले, आणि २०१९ मध्ये तेही बदलून लिम्नोस्पायरा असे नवे नाव सुचविण्यात आले. बाजाराने या नामांतरांची दखल घेतलेली नाही. तिची एक आवड विलक्षण आहे. ज्या पाण्यात सोड्याचा अंश इतका असतो की बहुतेक वनस्पती आणि मासे तग धरू शकत नाहीत, त्याच पाण्यात ती उन्हाच्या बळावर फोफावते आणि पृष्ठभागावर दाट सायीसारखी तरंगू लागते. ही साय काढून वाळविणे, एवढीच या अन्नाची मूळ पाककृती होय.

१५१९ च्या नोव्हेंबर महिन्यात एर्नान कोर्तेस आपल्या स्पॅनिश शिपायांसह मेक्सिकोच्या पठारावरील तेनोच्तित्लान या नगरीत शिरला. अझ्टेकांची ही राजधानी सरोवरात वसलेली होती. डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यातून पाण्याला बाहेर वाट नव्हती. त्यामुळे सर्वांत सखल असलेल्या तेश्कोको सरोवराचे पाणी शतकानुशतके आटत आटत खारे आणि सोडामिश्रित झालेले होते. नगरीची वस्ती दोन लाखांच्या आसपास असावी, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. या लोकांपाशी गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांपैकी एकही जनावर नव्हते. पाळीव प्राणी म्हणजे टर्की पक्षी आणि कुत्रा. मक्याच्या भाकरीला जोड म्हणून जे काही लागे ते शेतातील घेवड्याने आणि सरोवराने पुरवावयाचे. सरोवराने मासे दिले, बदके दिली, पाणकिड्यांची अंडीदेखील दिली. आणि त्याबरोबर ही निळसर हिरवी सायही दिली.

कोर्तेसच्या सैन्यातील बेर्नाल दियास हा शिपाई पुढे म्हातारपणी आपल्या मोहिमेच्या आठवणी लिहावयास बसला. त्लातेलोल्को येथील अफाट बाजाराचे वर्णन करताना, सरोवरावरील चिखलासारख्या थरापासून केलेल्या, चिजासारख्या चवीच्या वड्या तेथे विकावयास असत, याची नोंद त्याने केली आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन या ख्रिस्ती साधूने तेथील वृद्धांना विचारून विचारून त्यांच्या जीवनाचा जो प्रचंड ज्ञानकोश रचला, त्यातही या पदार्थाचा उल्लेख आहे. राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस १५७१ ते १५७७ या काळात मेक्सिकोत होता. जाळ्यांनी हा थर गोळा करणे, तो उन्हात वाळविणे आणि त्याच्या वड्या पाडणे हा सारा क्रम त्याने टिपून ठेवला. या पदार्थाला स्थानिक भाषेत तेकुइत्लात्ल म्हणत. या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘दगडाची विष्ठा’ असा काहीसा होतो. पाहुण्यांना हे नाव आणि हा पदार्थ कितपत रुचला असेल, याची कल्पना करता येईल.

सोळाव्या शतकानंतर मात्र हे उल्लेख विरत जातात. त्याची कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. १५२० मध्ये देवीची साथ आली आणि तिने त्या भूमीतील माणसे अक्षरशः कापून काढली. १५२१ च्या ऑगस्टमध्ये राजधानी पडली. नव्या राज्यकर्त्यांनी गुरे आणली, गहू आणला, आणि सरोवराकडे पाहण्याची नवी दृष्टीही आणली. अझ्टेकांना सरोवर हे शेत होते, रस्ता होता आणि कोठारही होते. स्पॅनिशांना ते पुराचे संकट वाटले. १६०७ मध्ये त्या बंदिस्त खोऱ्यातून पाणी बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. १६२९ च्या पुराने शहर कित्येक वर्षे पाण्यात राहिले, तेव्हा तर पाणी घालविण्याचा निर्धार अधिकच पक्का झाला. हे काम तीन शतके चालले आणि १९०० साली मोठ्या कालव्याच्या उद्घाटनाने त्याची एक प्रकारे सांगता झाली. सरोवर आटले, त्यावर जगणाऱ्या जमाती विखुरल्या आणि त्यांच्याबरोबर ते अन्नही गेले. पोथ्यांत शब्द शिल्लक राहिला. त्याचा अर्थ हरवला.

तो अर्थ सापडला आफ्रिकेत. १९४० साली पिएर दांजार या फ्रेंच शैवालतज्ज्ञाने एक छोटा लेख प्रसिद्ध केला. चाड सरोवराच्या परिसरात फ्रेंच सैन्याबरोबर असलेल्या एका औषधनिर्मात्याने तेथील बाजारात विकल्या जाणाऱ्या हिरव्या चकत्यांचा नमुना पाठविला होता. ती चकती म्हणजे जवळजवळ निव्वळ स्पिरुलिनाच आहे, असे दांजारने दाखवून दिले. परंतु साल १९४० होते. त्या वर्षी फ्रान्सच कोसळला, आणि एका शैवालाविषयीच्या टिपणाकडे लक्ष देण्याइतकी स्वस्थता कोणालाही नव्हती. आणखी पाव शतक गेले. १९६४–६५ मध्ये सहारा ओलांडणाऱ्या बेल्जियन मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ लेओनार यांच्या नजरेस फोर लामीच्या बाजारात तशाच निळसर हिरव्या चकत्या पडल्या. या शहराचे नाव १९७३ पासून एन्जामेना असे आहे. या वेळी मात्र विद्वानांचे कान टवकारले गेले. १९६६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डब्ल्यू. व्ही. फॅरर यांनी अझ्टेकांच्या तेकुइत्लात्लविषयी एक टिपण लिहिले. स्पॅनिशांची जुनी वर्णने आणि चाडमधील जिवंत परंपरा एकमेकींशेजारी ठेवताच हरवलेल्या शब्दाचा अर्थ लागू लागला. दोन खंड, मध्ये अटलांटिक महासागर, परस्परांची गंधवार्ता नाही. आणि तरीही क्षारयुक्त पाण्याच्या काठी राहणाऱ्या दोन समाजांनी एकच अन्न स्वतंत्रपणे ओळखले होते.

चाडमध्ये या अन्नाला दिहे म्हणतात आणि ते काढण्याची परंपरा कानेम्बू बायकांची आहे. वाळूच्या टेकड्यांमधील सखल भागांत सोड्याच्या पाण्याची तळी साचतात. वाऱ्याने साय एका काठाला लोटली की बायका भांडी घेऊन पाण्यात उतरतात. ती दाट साय त्या काठच्या वाळूत केलेल्या उथळ, गोल खळग्यांत ओततात. पाणी वाळूत जिरून जाते, हिरवा थर वर राहतो. तो सपाट करून त्याच्या चौकोनी वड्या कापतात आणि उन्हात वाळवितात. न गाळणी, न इंधन, न यंत्र. वडी कुस्करून पाण्यात उकळली, तिच्यात मीठ, मिरची आणि मिळाल्यास मासळी किंवा मांस घातले, की बाजरीच्या गोळ्याबरोबर खावयाचे कालवण तयार होते. गरोदर स्त्रिया ही वडी नुसतीच खातात. तिच्या काळसर रंगामुळे पोटातील बाळ चेटक्यांच्या नजरेआड राहते, अशी तेथे समजूत आहे. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावणाऱ्या आपल्या आयाबायांना ही भावना परकी वाटणार नाही. कोसोरोम या एका तळ्यातून वर्षाला सुमारे ४० टन दिहे निघते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे.

इकडे मेक्सिकोतही एक योगायोग घडत होता. आटलेल्या तेश्कोको सरोवराच्या तळाशी सोडा अजून होताच. तो काढण्यासाठी एका कंपनीने गोगलगाईच्या कवचासारखे वळत जाणारे, शेकडो हेक्टरांचे एक अवाढव्य बाष्पीभवन-कुंड बांधले होते. त्या कुंडात एक हिरवे शैवाल वारंवार माजे. फ्रेंच शास्त्रज्ञांचे साहाय्य घेतल्यावर उलगडा झाला, की ही नको असलेली हिरवळ म्हणजे स्पिरुलिनाच आहे. १९७० नंतरच्या दशकात याच ठिकाणी तिचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ज्या सरोवराने अझ्टेकांना अन्न दिले, त्याच्याच अवशेषात ते अन्न पुन्हा उगवले होते. हा कारखाना पुढे १९९० नंतरच्या दशकात बंद पडला, तोपर्यंत अन्य देशांत तिची लागवड रुजलेली होती.

या सर्व घडामोडींमागे त्या काळाची एक चिंता होती. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरणार कसे, हा प्रश्न सर्वत्र विचारला जात होता. शेतीचा एक हंगाम महिने घेतो. सूक्ष्म शैवाल काही तासांत दुप्पट होते. मग धान्याऐवजी शैवालच का पिकवू नये, असा विचार पुढे आला. प्रारंभी सर्वांची दृष्टी होती ती क्लोरेला या दुसऱ्या, खऱ्याखुऱ्या हिरव्या शैवालावर. अमेरिकेत केंब्रिज येथे १९५१ मध्ये तिच्या लागवडीचा प्रायोगिक कारखाना चालविण्यात आला, आणि १९५३ मध्ये कार्नेगी संस्थेने जॉन बर्ल्यू यांनी संपादित केलेला अहवाल-ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानात हिरोशी तामिया यांनी या कामाला वाहून घेतले. परंतु क्लोरेलाचे पेशीकवच इतके चिवट, की माणसाच्या पोटात ते सहजी फुटत नाही. आणि तिला वाढविण्याचा, गाळण्याचा, वाळविण्याचा खर्च धान्याच्या कितीतरी पट. भुकेचा तात्कालिक प्रश्न सोडविला तो शैवालाने नव्हे, गव्हाने. आणि नियतीचा खेळ असा, की त्या बुटक्या गव्हाच्या जाती ज्या ठिकाणी सिद्ध झाल्या त्यांत तेश्कोको सरोवराच्या जुन्या काठावरचे चापिंगो हे एक होते. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून या गव्हाचे १८,००० टन बियाणे आणले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

भारतात शैवालांचा अभ्यास तोवर चांगला रुजलेला होता. भातखाचरांच्या पाण्यातील नील-हरित शैवाल हवेतील नायट्रोजन जमिनीत आणते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखविले होते. काशीच्या राम नगिना सिंह यांनी १९५० मध्ये उसर जमिनी याच शैवालांच्या साहाय्याने सुधारता येतील, असे प्रतिपादन केले होते. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेत जर्मन सहकार्याने खाद्य शैवालांवर काम झाले. एल. व्ही. वेंकटरामन आणि ई. डब्ल्यू. बेकर यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री यांनी स्पिरुलिना खेड्यातील घराच्या परसात, बायकांच्या हातून कशी पिकेल याचा ध्यास घेतला. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या केंद्राने तमिळनाडूतील सुमारे ५,००० लहान मुलांना रोज १ ग्रॅमच्या आसपास स्पिरुलिना देऊन पाहिली. अ जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर जे फेसाळ डाग येतात, ते कमी झाल्याचे या कामाच्या अहवालात नमूद आहे. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. आणि प्रश्न मुलाच्या दृष्टीचा.

येथेच एका मराठी शास्त्रज्ञाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगाच्या अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षे संख्याशास्त्रज्ञ होते. जगात प्रथिनांचा दुष्काळ आहे आणि तो भरून काढण्यासाठी नवनवी प्रथिनयुक्त अन्ने निर्माण केली पाहिजेत, हे मत जेव्हा सर्वमान्य होते, तेव्हा त्यांनी भारतातील आहाराचे आकडे तपासून वेगळाच निष्कर्ष मांडला. प्रथिने कमी पडतात ती मुख्यतः पोटभर अन्न मिळत नाही म्हणून. शरीराला उष्णता पुरेशी मिळाली नाही, तर ते खाल्लेली प्रथिनेही सरपणासारखी जाळून टाकते. उपाशी मुलाला नुसती प्रथिनांची भुकटी देणे म्हणजे चूल पेटविण्यासाठी घराचे वासे काढण्यासारखे आहे. हैदराबादचे सी. गोपालन यांचा कलही याच दिशेने होता. या विचाराने शैवालाचे महत्त्व नाहीसे होत नाही. त्याचे स्थान मात्र निश्चित होते. ते भाकरीची जागा घेऊ शकत नाही; भाकरीला जोड देऊ शकते. कानेम्बू बायकांनी ते बाजरीबरोबर आणि अझ्टेकांनी मक्याबरोबर खाल्ले, यात हेच शहाणपण होते.

या दृष्टीने न्याहारीतील चमच्याचा हिशेब मांडून पाहावा. वाळलेल्या स्पिरुलिनात वजनाच्या ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात, हे खरे. डाळीत हे प्रमाण २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. परंतु लहान चमच्यात भुकटी मावते ती सुमारे ३ ग्रॅम. तीतून मिळणारी प्रथिने २ ग्रॅमच्या घरात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, मुगाची डाळ ७ ग्रॅम प्रथिने देते आणि पेलाभर दूध ६ ग्रॅमहून अधिक. ज्याच्या ताटात डाळ आणि दूध आहे, त्याने या भुकटीकडून प्रथिनांची अपेक्षा करण्यात फारसा अर्थ नाही. तिचे खरे मोल आहे ते अल्प प्रमाणातही उपयोगी पडणाऱ्या घटकांत, विशेषतः अ जीवनसत्त्वाचे रूप धारण करणाऱ्या कॅरोटीनमध्ये. ब-१२ या जीवनसत्त्वाविषयी मात्र फसगत होते. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले, की स्पिरुलिनात जे ब-१२ दिसते ते बहुतांशी त्याचे असे प्रतिरूप आहे की माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग होत नाही. शाकाहारी माणसाने या एका बाबतीत तिच्यावर विसंबून राहू नये. शिवाय ज्या पाण्यात ती वाढते त्यातील जड धातू ती आपल्यात ओढून घेते, आणि उघड्या तळ्यात तिच्या शेजारी विषारी जातीही वाढू शकतात. म्हणून ती स्वच्छ, राखलेल्या कुंडांतील आणि तपासलेलीच असली पाहिजे.

महाराष्ट्रालाही या कथेत एक जागा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात कोरले गेले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरातील पाणी सोड्याने भारलेले असून, त्याच्या हिरव्या रंगामागे स्पिरुलिनाच्या गोत्राचाच मोठा हात आहे. काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ लोणारच्या परिसरात मिळतात, असे ‘ऐने अकबरी’त नोंदविले आहे. लोणारचे नाव इतिहासात झाले ते क्षारामुळे. पाण्यावरच्या सायीमुळे ते झाले नाही. जेथे गाई-म्हशी होत्या, तूर-मूग पिकत होते, शेवग्याचा पाला दारात होता, तेथे सरोवराची साय खाण्याची पाळी आली नसावी, असे अनुमान करता येते. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे वेधले गेले, आणि त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळाले. तेथील साय आता खाण्यासाठी नाही. ती जपण्यासाठी आहे.

या इतिहासाकडे मागे वळून पाहता एक गोष्ट मनात राहते. हे अन्न सरोवराच्या काठी राहणाऱ्या माणसांनी शोधले, ते गरजेपोटी. एका ठिकाणी सरोवर आटविले गेले आणि पिढ्यांचे ज्ञान त्याच्याबरोबर मातीत गेले. दुसऱ्या ठिकाणी ते टिकले, कारण पाणी टिकले आणि ते काढणारे हात टिकले. पुढे शास्त्राने ते उचलले ते जगाची भूक भागविण्यासाठी. आणि शेवटी ते जाऊन पोहोचले ज्यांची भूक केव्हाच भागलेली आहे त्यांच्या काचेच्या पेल्यात. यात पेल्याचा दोष नाही. ज्याला परवडते त्याने ती भुकटी खुशाल घ्यावी. पण चिमूटभर हिरव्या भुकटीची खरी परीक्षा शहरातील न्याहारीत होत नाही. जेथे मुलाच्या ताटात भाकरी पुरेशी आहे, पण भाजीची आणि फळाची जोड नाही, आणि त्यापायी दिवेलागणीला त्याची नजर मंदावते, त्या घरात ती परीक्षा होते. तेकुइत्लात्लचा अर्थ जगाला पुन्हा सापडला आहे. त्याचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हे ठरविणे अजून बाकी आहे.